मधला वेळ मिळवायचा कसा

बाळापूर तालुक्यात मे आणि जून या दोन महिन्यांत सगळ्यांच्याच परीक्षा एकदम येतात. बारावीचा निकाल, दहावीचा निकाल, पाठोपाठ नीटचा. त्याच दिवसांत बियाणं घ्यायचं असतं, पीककर्जासाठी बँकेच्या चकरा चालू असतात, अकोल्याच्या क्लासची फी आणि होस्टेलचं डिपॉझिट भरायचं असतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पोरगं दिवसभर घरातच. बाप आभाळाकडे पाहतो, माय डब्यातले पैसे मोजते, पोरगं मोबाइलवर दुसऱ्यांची टक्केवारी पाहत बसतं. कोणाला कोणाकडे निवांत बघायला फुरसत नसते आणि नेमकी तेव्हाच ती लागते.

हा लेख अशा मुलामुलींबद्दल आहे ज्यांच्या मनात मरून जावं असा विचार येतो, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांबद्दल आहे. त्या घरच्यांना त्या रात्री, त्या आठवड्यात नेमकं काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. सल्ला देणारे पुष्कळ असतात. ‘मन रमव’, ‘देवाचं नाव घे’, ‘आमच्या काळात काय होतं?’ हे सगळं त्या घडीला निरुपयोगी असतं.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापूरला पूर माहीत आहे. पूर चढला की त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. माणसं आणि गुरं उंचावर नेतात, पाण्याजवळ कोणाला एकटं जाऊ देत नाहीत आणि ओसरायची वाट पाहतात. आत्महत्येच्या विचाराची तीव्र घडी बरीचशी अशीच असते. ती चढते, शिगेला पोहोचते आणि उतरते. पुन्हा येऊ शकते, पण कायम शिगेला राहत नाही. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे अभ्यास जगभर झाले आहेत. त्यांत दहातल्या नऊंहून अधिक जण पुढे आत्महत्येने गेलेले नाहीत. विचार आणि कृती यांच्यामधला वेळ ज्याला मिळाला, त्याला बहुधा पुढचं आयुष्यही मिळालं. मोठ्यांचं पहिलं काम म्हणजे हा मधला वेळ मिळवून देणं. कारणं शोधणं, समजूत काढणं, अभ्यासाचं बघणं हे सगळं नंतरचं.

आकडेवारी एकदाच सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थी आत्महत्येने गेले. त्यात 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. या नोंदी पोलिसांत पोहोचलेल्या प्रकरणांच्या आहेत. घरच्यांनी अपघात म्हणून सांगितलेले मृत्यू त्यात येत नाहीत.

वर्तमानपत्रांत मात्र हे एका ओळीत उरकतं. ‘मोबाइल दिला नाही म्हणून’, ‘आई रागावली म्हणून’, ‘कमी गुण मिळाले म्हणून’. असल्या मथळ्यांनी दोन वाईट गोष्टी होतात. एक तर त्या आईच्या माथी जन्मभराचा डाग लागतो. दुसरं म्हणजे, ते वाचणाऱ्या बाकीच्या घरांना वाटतं, आपण तर मोबाइल दिलाय, म्हणजे आपलं ठीक आहे. मोबाइलवरचं भांडण ही शेवटची गोष्ट असते. तिच्याखाली महिनोन् महिन्यांचं नैराश्य असू शकतं, शाळेतली मारहाण किंवा चिडवणं असू शकतं, कोणा नातेवाइकाने केलेला अत्याचार असू शकतो, घरातली दारू असू शकते, कर्ज असू शकतं. एकाच कारणाने कोणी जात नाही, आणि एकच कारण दूर करून कोणी वाचतही नाही.

मुलं हे बोलतात कसं? ‘मला आत्महत्येचे विचार येतात’ असं पुस्तकी वाक्य बाळापूर-पातूरकडचं पोट्टं कधी बोलणार नाही. ते म्हणतं, ‘कटाळा आला जिवाचा.’ म्हणतं, ‘मी नसतो तं तुमचा खर्च तरी वाचला असता.’ म्हणतं, ‘एकदाचं निजावं अन् उठूच नाई.’ मुली बऱ्याचदा तेवढंही बोलत नाहीत. जेवण कमी होतं, वेणी घालणं सुटतं, मैत्रिणीकडे जाणं बंद होतं. मुलांमध्ये उदासी पुष्कळदा चिडचिडीचं रूप घेते. पोरगं उलट बोलतं, दार आपटतं, रात्रभर जागतं आणि दुपारी बारापर्यंत झोपतं. घरचे म्हणतात, माजलंय. खरंच माजलेलं असू शकतं. पण दोन-तीन आठवडे हे सलग चाललं असेल, आवडीचं क्रिकेटसुद्धा सुटलं असेल, आपली वस्तू कोणाला देऊन टाकणं किंवा निरोप घेतल्यासारखं बोलणं सुरू झालं असेल, तर ते माजणं नव्हे. आणि बरेच दिवस घुसमटलेलं पोर अचानक एकदम शांत, हलकं झालेलं दिसलं, तर ‘सुधारलं’ म्हणून सुटकेचा श्वास सोडायची घाई करू नये. तेव्हा आणखी जवळ जावं.

जवळ जाऊन काय करायचं? विचारायचं. सरळ.

इथेच बहुतेक घरं अडतात. विचारलं तर नसलेली गोष्ट डोक्यात भरवल्यासारखं होईल, अशी भीती असते. ही भीती तपासून पाहिलेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या 2,342 किशोरवयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तर विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वाढलेले नव्हते. उलट जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना विचारल्यामुळे थोडं हलकं वाटलेलं दिसलं. पुढे 2012 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी दवाखान्यात आलेल्या 10 ते 21 वयाच्या मुलांसाठी चार प्रश्न बसवले, परिचारिकेला मिनिटभरात विचारता येतील असे. गेल्या काही आठवड्यांत मेलेलं बरं असं वाटलं का, तू नसतीस तर घरच्यांना बरं झालं असतं असं वाटलं का, जीव द्यायचे विचार आले का, पूर्वी कधी प्रयत्न केला का. यांतल्या एकालाही ‘हो’ आलं तर पाचवा प्रश्न: आत्ता, या क्षणी तसं वाटतंय का?

आपल्या घरात हे विचारायची पद्धत बहुधा उलटी असते. चहा ओतता ओतता, चारचौघांत, ‘तू काही वेडंवाकडं तं नाई ना करणार बावा?’ या प्रश्नाला एकच उत्तर चालतं आणि पोराला ते ठाऊक असतं. त्याऐवजी एकट्याला गाठावं. शेतावर जाताना गाडीवर मागे बसवून, ओट्यावर दिवे गेल्यावर, जिथे डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत अशा ठिकाणी पोट्टे जास्त बोलतात. ‘तू काई दिवसांपासून लय गप-गप आहेस. तुह्या मनात मरून जावं असं येते काय?’ एवढंच. आणि मग आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे, विशेषतः बापांना.

उत्तर ‘हो’ आलं तर? रडू आलं तर रडा, हरकत नाही. पण चार गोष्टी टाळाव्यात. ‘आमचा विचार केला नाईस काय?’ असं म्हणू नये, कारण त्याने केलेला असतो. आपण यांच्यावर ओझं आहोत असंच त्याला वाटत असतं. ‘तुले काय कमी केलं?’ असा हिशेब काढू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण सांगावं लागणार आहे. त्याऐवजी ‘ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगू, आणि तुला विचारून सांगू’ एवढं म्हणता येतं. आणि चौथी गोष्ट आपल्याकडची खास: शप्पथ घालणं. ‘माह्या गळ्याची शप्पथ घे.’ आईच्या मायेतून ती येते, पण तिच्याने जीव वाचत नाही. पाश्चात्त्य दवाखान्यांतही एकेकाळी रुग्णाकडून ‘मी जिवाचं काही करणार नाही’ असं लेखी वचन घ्यायची पद्धत होती. तिचा उपयोग होतो असा पुरावा मिळाला नाही, म्हणून तज्ज्ञांनी ती सोडून दिली. शपथेने पोराचं तोंड मात्र बंद होतं. पुन्हा विचार आला तर आता ते आईची शपथ मोडल्याचं पापही डोक्यावर घेतं.

शपथेच्या जागी दुसरी एक गोष्ट आली. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती मांडली. तिला आपण सुरक्षिततेचा कागद म्हणू. कठीण घडी आली की एकामागून एक काय करायचं, हे ती घडी नसताना शांतपणे लिहून ठेवायचं. लिहायचं त्या मुलाने, त्याच्या शब्दांत. शेजारी बसणारा समुपदेशक किंवा डॉक्टर असला तर उत्तम, नसला तर विश्वासाचा मोठा माणूस. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत हा कागद करून, वर नंतर नियमित फोन करून विचारपूस केली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वागण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी कमी दिसलं. तो अभ्यास मोठ्यांवरचा होता. पण किशोरांसोबतही हीच पद्धत आज वापरली जाते, फरक एवढाच की त्यांच्या कागदात घरचे सामील असतात.

समजा, अकरावीतला एक मुलगा आहे. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर असं काही असेल: रात्री अकरानंतर क्लासचा ग्रुप उघडला की छातीत भरून येतं, मग डोकं फिरायला लागतं. ही झाली खूण. असं झालं की मोबाइल आजीकडे द्यायचा. तोंडावर गार पाणी मारायचं, कुत्र्याला घेऊन अंगणात यायचं, आवडीची गाणी लावायची. तरी उतरलं नाही तर आबाजवळ जाऊन बसायचं, काही सांगायची गरज नाही, नुसतं बसायचं. तरीही नाही, तर मामाला फोन. मामाने नाही उचलला तर विज्ञानाच्या सरांना. कोणीच नाही तर 14416 या हेल्पलाइनला. शेवटी एक ओळ: घरात काय हलवून ठेवायचं, आणि ते कोणी. या कागदात उपदेश नाही, आणि म्हणूनच तो रात्री दीड वाजता वाचता येतो.

‘काय हलवून ठेवायचं’ या ओळीकडे वऱ्हाडात जास्त लक्ष द्यावं लागतं. कापूस, सोयाबीन, तुरीच्या या पट्ट्यात फवारणीचं औषध नाही असं शेतकऱ्याचं घर शोधून सापडायचं नाही. ते गोठ्यात असतं, माळ्यावर असतं, मागच्या खोलीच्या कोनाड्यात असतं, अर्धं वापरून ‘पुढच्या हंगामाला होईल’ म्हणून ठेवलेलं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा या डब्यांवर थोडे दिवस चर्चा झाली. फवारणाऱ्याने मास्क घालावा, हातमोजे घालावेत, असं. घरात उरलेल्या डब्याचं काय, हे कोणी विचारलं नाही.

कुलूपबंद पेटी द्या, हा सोपा उपाय सुचतो. श्रीलंकेत तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला. 180 गावं, 53 हजारांवर घरं. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या. 2017 मध्ये निकाल आला: दोन्हीकडच्या गावांत फरक दिसला नाही. शेतकऱ्याच्या घरात राहिलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही. किल्ली खुंटीवरच असते, आणि घाईच्या दिवसांत कुलूप लावतो कोण! श्रीलंकेत फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. अति जहाल कीटकनाशकं सरकारने टप्प्याटप्प्याने बंदच केली. 1995 ते 2015 या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आलं, आणि पीक घटल्याचं दिसलं नाही. आपल्याकडेही केंद्र सरकारने 2018 मध्ये 18 कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. आणखी पुष्कळ करायचं बाकी आहे. तामिळनाडूत चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी वेगळी वाट धरली. औषध घरात न ठेवता गावाच्या सामायिक साठवणगृहात, ज्याच्या-त्याच्या लॉकरमध्ये. हा प्रयोग दोनच गावांतला होता, पण त्याचा परिणाम आश्वासक निघाला.

यावरून घराने घ्यायचं ते एवढं: पोर कठीण दिवसांतून जात असेल तर औषध कुलपात ठेवून भागत नाही, ते घराबाहेर गेलं पाहिजे. चुलत्याच्या शेतातल्या खोलीत, कृषी केंद्रवाल्याकडे परत, कुठेही, पण या छपराखाली नको. आजीच्या गोळ्या, उरलेली इतर औषधं एका मोठ्या माणसाच्या ताब्यात असावीत, आठवड्यापुरती. हे पोरापासून चोरून करू नये. ‘हे काई दिवस मामाकडे ठेवतो, तुह्या जिवाले जपाले’ असं सांगून करावं. पुष्कळ मुलांना त्याने सुटल्यासारखं वाटतं. आणि काही दिवस त्याला रात्री एकटं झोपवू नये. आजोबाची खाट त्याच्या खोलीत टाकली तर त्याला पहारा म्हणायचं कारण नाही. मामाचं घर हेही या काळात मोठं साधन आहे. चार दिवस जागा बदलते, घरातला ताण सुटतो. फक्त मामीला खरं सांगून पाठवावं.

डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की दोन प्रकारची भीती आडवी येते. पहिली पोलिसांची. जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा आहे, हे जुनं डोक्यात बसलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 ने हे बदललं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही, उलट तिची काळजी आणि उपचार यांची जबाबदारी सरकारवर टाकतो. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या 309 कलमासारखं सरसकट कलमच ठेवलेलं नाही. दवाखान्यात नोंद होते, पोलीस दोन प्रश्न विचारतात, पण त्या भीतीने उशीर करणं जिवावर बेतू शकतं. काही घेतल्याचा नुसता संशय आला तरी 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. ओकाऱ्या काढणं, मीठपाणी पाजणं, गावठी उतारे यांत एक मिनिट घालवू नये.

दुसरी भीती लोकांची. वऱ्हाडात डोक्याचा दवाखाना म्हटलं की अजून नागपूरचं नाव काढून हसतात. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 पासूनचं, त्याची दहशत पिढ्यान् पिढ्या उतरलेली. खरं तर बाळापूरहून पंचवीसेक किलोमीटरवर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे, एसटीचा तासाभराचा प्रवास. तिथल्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. सरकारी आरोग्य केंद्रांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतात, तिथेही विचारता येतं. काही घरं आधी बुलढाण्याकडे सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जातात, काही शेगावला. त्यांची टवाळी करण्यात अर्थ नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा-दुवा’ नावाने असं काम झालं की मुजावरच माणसाला दुवा देऊन आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचा. दोन्ही चालू द्या. फक्त दर्ग्याची गुरुवारची वाट पाहत डॉक्टर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता एक कौतुकाची गोष्ट, कारण या भागाला तिचा हक्क आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे बदनाम झालेल्या याच पट्ट्यात, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. टाटा ट्रस्टचा पैसा, ‘संगत’ आणि इतर संस्थांची माणसं. डॉक्टर गावात आणून बसवण्याऐवजी त्यांनी गावातलीच माणसं शिकवली. बैठका घ्यायच्या, नैराश्य म्हणजे काय ते सांगायचं, ज्याला गरज त्याच्याशी बोलायचं, आणि जास्त त्रास असेल त्याला ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. दीड वर्षाने मोजलं तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं होतं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असं सांगणारे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले होते. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हे 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापलं. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, हा त्यातला कच्चा दुवा मान्य करूनही एक गोष्ट उरते: वऱ्हाडातला माणूस बोलत नाही, ही समजूत चुकीची होती. त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

राज्य सरकारने 2015 पासून 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, अकोला त्यात आहे. आशाताई घरोघर जाऊन शेतकऱ्याला विचारतात, झोप लागते का, निराश वाटतं का. चांगलं काम आहे. पण ‘विश्राम’ प्रौढांसाठी होता आणि ‘प्रेरणा’ शेतकऱ्यासाठी आहे. आशाताई ओट्यावर बसून बापाला प्रश्न विचारत असते, तेव्हा आतल्या खोलीत अकरावीतली पोरगी ऐकत असते. तिला कोणी विचारत नाही. आणि ज्या घरातला बाप आत्महत्येने गेला, त्या घरातल्या लेकरांचा धोका तर जास्तच. त्यांच्यासाठी मदतीचा धनादेश येतो, पुढारी येतो, फोटो निघतो. ‘बाबा आजारी होते, तो आजार मनाचा होता, आणि त्यात तुझी काहीच चूक नाही,’ हे वाक्य त्या लेकराला कोणी म्हटलं का, याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

शाळेतून हे होईल का? केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात 2020 पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे, भावनिक आरोग्य हा त्यांच्या विषयांपैकी एक, असं ठरलेलं आहे. पण बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘संगत’नेच 74 शाळांत केलेला ‘सेहेर’ हा प्रयोग शिक्षकांनी वाचण्यासारखा आहे. तोच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी. नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली ती समुपदेशकांच्या शाळांत. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. यात शिक्षकांचा दोष नाही. जो गुण देतो, हजेरी लावतो, बापाला भेटतो, त्याच्याजवळ मूल मन उघडं करील ही अपेक्षाच जास्त आहे. तालुक्याला फिरते दोन-चार समुपदेशक द्यावेत, मराठी शाळांना आणि उर्दू शाळांनाही, असं माझं सरळ म्हणणं आहे.

अकोल्याचं वेगळं. वऱ्हाडभरची मुलं तिथे नीट-जेईईसाठी जातात. बाळापूर, तेल्हारा, वाशीम, खामगाव, जिथे शेत गहाण पडलंय तिथलीसुद्धा. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा घर सुटतं, आणि रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘टेस्टले किती पडले?’ 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका नीट-विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी निकाल देताना देशभरच्या शाळा, महाविद्यालयं, क्लास आणि होस्टेलांसाठी 15 निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान नाही, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, हेल्पलाइनचे नंबर होस्टेलात ठळक लावायचे. फी भरताना पालक एसी आहे का ते विचारतात. त्याच काउंटरवर विचारा, तुमचा समुपदेशक कोण, कधी बसतो, आणि पोरगं दोन दिवस क्लासला आलं नाही तर आम्हाला फोन कोण करतं. उत्तर मिळालं नाही तर फी भरण्याआधी घरी येऊन विचार करा.

नापास होण्याची किंमत कमी करणं हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. तामिळनाडूत ‘स्नेहा’च्या पाठपुराव्यानंतर नापासांसाठी लगेच पुरवणी परीक्षा आली. आपल्या मंडळानेही पूर्वीची ऑक्टोबरची फेरपरीक्षा जून-जुलैत आणली, त्यामुळे वर्ष वाचतं. अमरावती विभागीय मंडळ परीक्षेच्या दिवसांत जिल्हावार समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. निकालाच्या दिवशी हे दोन्ही घरात माहीत असावं, आणि निकाल काहीही लागो, त्या दिवशी घरी एक मोठं माणूस थांबावं. पेरणी एक दिवस पुढे गेली तर चालेल.

मुलींबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. फोनमध्ये कोणा मुलाचा मेसेज सापडला की आपल्याकडे फोन काढून घेतात, कॉलेज बंद करतात आणि स्थळं पाहायला लागतात. त्या एका संध्याकाळी मुलीचा मित्र, मैत्रिणी, शिक्षण आणि पुढचं आयुष्य एकाच वेळी जातं. तिच्यावर राग काढायचा तर महिन्याने काढा. त्या रात्री तिच्याजवळ कोणी तरी बसा. अत्याचार होत असेल, मारहाण होत असेल, अठराच्या आत लग्न लावत असतील, तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, मूल स्वतःही लावू शकतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर, किंवा पहिली भीती उतरल्यावर, पुढचे दोन-तीन महिने सगळ्यात नाजूक असतात. तेव्हाच पाहुण्यांची रीघ लागते आणि प्रत्येक जण ‘कायले असं केलं बाई?’ विचारतो. दारातच एकाने उभं राहून ‘तब्येत बरी नव्हती, आता ठीक आहे’ म्हणावं आणि चहा पाजून वाटेला लावावं. शाळेत परत जाताना एका शिक्षकाला विश्वासात घ्यावं, बुडालेल्या अभ्यासाची मुदत वाढवून घ्यावी. चालू झालेल्या गोळ्या ‘आता बरं दिसते’ म्हणून घरच्या घरी बंद करू नयेत. ठरलेल्या तारखेला पुन्हा अकोल्याला जावं, भलं सोयाबीन सोंगायला आलेलं असो. आणि गावात कोणाच्या घरी असं काही घडलंच, तर त्या मुलाचा फोटो, त्याची चिठ्ठी, कसं केलं त्याचं वर्णन व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलू नका. त्याच मनःस्थितीतलं दुसरं मूल ते वाचत असतं. भारतीय प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये पत्रकारांसाठी हाच नियम स्वीकारला. गावच्या ग्रुपांना तो लागू नाही, म्हणून आपला आपण लावून घ्यावा.

14416 हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून तो चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठी आणि हिंदीसह 20 भाषांत. काळजी वाटणाऱ्या आईबापालाही तो लावता येतो, स्वतःच्या जिवाची भीती वाटणाऱ्या मुलालाही. जीव आत्ताच धोक्यात असेल तर 112 किंवा 108. हा लेख बाजूला ठेवायच्या आधी 14416 आपल्या आणि घरातल्या पोरांच्या फोनमध्ये टाका. शाळेच्या, क्लासच्या, कृषी केंद्राच्या, एसटी स्टँडच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, रंगाचा खर्च गावात कोणीही करील. आणि हे वाचताना घरातल्या एखाद्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला असेल, तर त्याला आजच विचारा.